बाथरूममधला मृत्यू नशिबाने येत नाही

थंडी सुरू झाली की एक बातमी हमखास कानावर येते. कोणी अंघोळीला गेले, बराच वेळ बाहेर आले नाही, दार तोडले तेव्हा सगळे संपले होते. बसायला आलेली माणसे म्हणतात, "चक्कर आली असेल. अ‍ॅटॅक असेल. शेवटी नशीब!"

या शेवटच्या शब्दाला माझा आक्षेप आहे. कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो आणि घरी आल्यावर 'नशीब' म्हणून मोकळे होतो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असेल, तर चक्कर येण्याचे कारण बहुतेक वेळा त्या खोलीतच असते. ते शोधता येते आणि टाळताही येते.

गिझरचा धोका दोन प्रकारचा आहे. एक गॅसगळतीचा, दुसरा जळलेल्या गॅसच्या धुराचा. गळतीचा वास येतो, कारण सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नाही, रंग नाही. गिझर शेगडीपेक्षा कितीतरी पट गॅस जाळतो आणि त्यासाठी खोलीतला ऑक्सिजन ओढतो. दार-खिडकी बंद असेल तर ज्वलन अपुरे होते आणि हा विषारी वायू तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायातले बळ जाते. कडी काढायला हात उठेपर्यंत माणूस कोसळलेला असतो. लहान मुले आणि गरोदर बाईच्या पोटातले बाळ यांना धोका सर्वांत जास्त.

म्हणून पहिला नियम : गॅस गिझर बाथरूमच्या आत नकोच. तो गॅलरीत किंवा बाहेरच्या उघड्या भिंतीवर बसवावा आणि गरम पाणी पाइपने आत आणावे. हे आजच शक्य नसेल, तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच अंघोळीला जावे. गिझर चालू ठेवून दार लावून अंघोळ करायची नाही, म्हणजे नाहीच. नुसत्या एक्झॉस्ट पंख्यावरही भरवसा ठेवू नका. ताजी हवा आत यायला खाली वाट नसेल, तर पंखा एकटा पुरत नाही.

दुसरा प्रश्न जोडणीचा. आपल्याकडे गिझर बसवतो कोण? बहुधा नळाचे काम करणाराच. पाण्याचा जोड गळला तर फरशी ओली होते. गॅसचा गळला तर घर जाते. तरीही स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला 'टी' लावून, भिंतीला भोक पाडून, साधी प्लास्टिकची नळी पलीकडे ओढलेली अनेक घरांत दिसते. हे थांबले पाहिजे.

रबरी नळी आयएसआय मार्कची, तारेची जाळी असलेली, केशरी 'सुरक्षा' नळीच हवी. तिच्यावर छापलेले वर्ष पाहा आणि पाच वर्षांनी, तडा दिसला तर त्याआधीच, ती बदला. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. ती भिंतीतून न्यायची नाही, कापड किंवा चिकटपट्टी गुंडाळून झाकायची नाही. अंतर जास्त असेल तर तांब्याचा किंवा जीआय पाइप गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून टाकून घ्यावा. गिझरजवळ हात पोहोचेल अशा जागी वेगळा व्हॉल्व्ह असावा. नळी नोझलवर पूर्ण चढवून क्लॅम्पने घट्ट बसवावी. रेग्युलेटर घरगुती सिलिंडरचाच हवा. जास्त दाबाचा व्यावसायिक रेग्युलेटर गिझरला लावू नये. सिलिंडरवरचा गिझर तसाच पाइप गॅसलाही लावू नये. दोन्हींचा दाब वेगळा, जेट वेगळे. तो बदल गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावा.

जोडणी झाल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून पाहा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून तपासणाऱ्याला त्याच क्षणी थांबवा. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली, काजळी धरली, तर दुरुस्तीशिवाय गिझर वापरू नका. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन 1906 या क्रमांकावर फोन करा.

कोणी बाथरूममध्ये कोसळले, तर आधी दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा : "गॅस गिझर चालू होता." बोटाला लावायचे साधे यंत्र अशा वेळी ऑक्सिजन ठीक असल्याचे दाखवू शकते. तुमच्या एका वाक्याने उपचाराची दिशा ठरते.

कोणी म्हणेल, भाड्याच्या दोन खोल्यांत हे कसे जमायचे? प्रश्न खरा आहे. भाडेकरूला भिंत फोडायची मुभा नसते आणि घरमालकाला खर्च नको असतो. पण म्हणूनच हा प्रश्न एकेका घराचा नाही. 1942 ते 1946 या काळात मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनी कामगाराचे कष्ट आणि आरोग्य मालकाच्या दयेवर सोडले नाही, त्यासाठी कायद्याची वाट धरली. सुरक्षितता ही मेहेरबानी नसून हक्क आहे, ही जाण आपण तिथूनच घेतली. मग घरमालकाकडे गिझर बाहेर बसवण्याची मागणी एकट्याने कशाला करायची? चाळीतल्या दहा भाडेकरूंनी मिळून करावी.

आणि विहार समित्यांना विनंती. जयंती-उत्सवाची वर्गणी आपण घरोघर जाऊन गोळा करतो. तसेच थंडीच्या तोंडावर एक रविवार घरोघर नळ्या आणि गिझर पाहायला द्या. गॅस एजन्सीचा मेकॅनिक बोलवा, महिला मंडळाला सोबत घ्या. वस्तीत फिटिंगचे काम करणारी आपलीच मुले आहेत. त्यांना हे काम रीतसर शिकायला पाठवा. त्यांच्या हाताला चांगले काम मिळेल आणि आपली घरे सुरक्षित होतील.

एका नळीची किंमत काहीशे रुपये असते. पुढच्या थंडीत कोणाच्या घरी बसायला जाऊन 'नशीब' म्हणण्याची वेळ येऊ नये, यासाठी हा खर्च फार नाही. आज घरी गेल्यावर आधी आपल्या नळीवरचे वर्ष वाचा.