संगणक अडकतो केव्हा, ते आधी पाहा

“सर, गाणे रेकॉर्ड करताना कॉम्प्युटर मध्येच अडकतो. माऊससुद्धा हलत नाही. दुकानदार म्हणतात, नवीन घ्या.” काटोलच्या एका वाचक भगिनीने फोनवर विचारलेला हा प्रश्न. प्रश्न यंत्राचा खरा. पण रेकॉर्डिंग कोणाचे चालले होते ते कळल्यावर आम्ही या महिन्याचा विषय बदलला. त्यांच्या सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. ढोलकीवरची शादीची गाणी, नवरीच्या पाठवणीची गाणी, लेकरांच्या लोऱ्या त्यांना तोंडपाठ आहेत. भाषा अर्धी उर्दू, अर्धी इकडची बोली. एकही गाणे कुठल्या वहीत लिहिलेले नाही.

जात्यावरच्या ओव्यांचे असेच झाले असते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, काही ध्वनिमुद्रितही केल्या. म्हणून त्या आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात वाचता-ऐकता येतात. आपल्या घरातल्या गाण्यांसाठी कोणी बाहेरून येईलच असे नाही. ते काम घरच्या संगणकावर, घरच्याच मुलांनी करायचे आहे. त्यामुळे तो का अडकतो, हे समजून घेणे भाग आहे.

आवाज टिपताना संगणक साधारणपणे सेकंदाला 44,100 मोजमापे घेतो आणि ती सतत डिस्कवर लिहीत जातो. पत्र टाइप करताना तो क्षणभर रेंगाळला तरी चालते. गाणारी व्यक्ती मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. लिहिण्यात अडथळा आला की आधी खरखर होते, मग आवाज तुटतो आणि शेवटी पडदा थिजतो. दोष सॉफ्टवेअरचाच असतो असे नाही. म्हणून पहिला प्रश्न विचारावा : तो अडकतो केव्हा?

सॉफ्टवेअर उघडतानाच अडकत असेल, तर जोडलेल्या एखाद्या प्लगइनवर संशय घ्यावा. नवीन टाकलेली प्लगइन काढून पाहावीत. रेकॉर्ड बटण दाबताच अडकत असेल, तर माइक तपासावा. यूएसबी माइक हबमध्ये न लावता थेट संगणकाला लावावा. ब्लूटूथ इअरफोन बंद करावा. विंडोजमध्ये 48,000 आणि सॉफ्टवेअरमध्ये 44,100 असा फरक असेल, तर दोन्हीकडे एकच आकडा ठेवावा. कधी पाचव्या, कधी विसाव्या मिनिटाला अडकत असेल, तर मागे दुसरी कामे चालू असतात : ब्राउझर, विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. कोण किती भार टाकतो आहे ते तिथे दिसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तापलेला संगणक स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून पंख्यावरची धूळ झाडून सकाळी लवकर रेकॉर्डिंग करावे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

त्या भगिनींनी सांगितले, “पहिल्यांदा चौदा मिनिटांनी अडकला. नंतर दर वेळी आधीपेक्षा लवकर.” रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. सी ड्राइव्ह जवळजवळ पूर्ण भरलेला होता. सॉफ्टवेअर होते ऑडॅसिटी, मोफत मिळणारे. नेहमीच्या 32 बिट, स्टिरिओ मांडणीत ते मिनिटाला सुमारे 21 एमबी जागा घेते, म्हणजे तासाला सव्वा जीबी. चौदा मिनिटांना 300 एमबी लागतात. तेवढीच जागा तेव्हा उरली असणार. पण दर वेळी आणखी लवकर का अडकावे? कारण अर्धवट राहिलेली रेकॉर्डिंग डिस्कवरच साठत होती.

म्हणजे गेली असे वाटलेली गाणी गेलेली नव्हती. बंद पडलेली ऑडॅसिटी पुन्हा उघडली की जतन न केलेल्या कामांची यादी समोर येते. त्यात हे पर्याय असतात : ‘रिकव्हर’ म्हणजे परत आणा, ‘स्किप’ म्हणजे सध्या राहू द्या, ‘डिस्कार्ड’ म्हणजे टाकून द्या. घरातला मुलगा दर वेळी ‘स्किप’ दाबत आला होता. ‘डिस्कार्ड’ दाबले असते तर सगळे गेले असते. आम्ही जुने सिनेमे डी ड्राइव्हवर हलवले, जागा केली आणि ‘रिकव्हर’ दाबले. बहुतेक गाणी परत आली. सासूबाईंनी ती ऐकली आणि म्हणाल्या, “बेटा, ये वाला अब मुझसे पूरा नहीं होता, दम फूल जाता है।” नवीन संगणक आणला असता, तरी ते गाणे पुन्हा मिळाले नसते.

तेव्हा पडदा थिजला तर लगेच वायर ओढू नका. पाच-दहा मिनिटे थांबा. हललाच नाही, तर टास्क मॅनेजरमधून सॉफ्टवेअर बंद करा. ऑडॅसिटीच्या 3.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2021 पासून, सगळे काम एकाच फाइलीत राहते. तिच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी डब्ल्यू-ए-एल अक्षरे असलेली फाइल दिसली तर पुसू नका. ताजा आवाज तिच्यात असू शकतो. जुन्या आवृत्तीत आवाज वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. फाइल आणि फोल्डर दोन्ही सोबत हलवा.

पुढच्या वेळी रेकॉर्ड दाबण्याआधी प्रोजेक्टला नाव देऊन सेव्ह करा. एका माणसाच्या आवाजाला मोनो पुरते, जागाही निम्मी लागते. थेट पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करू नका; काम संपल्यावर एक प्रत मात्र त्यावर ठेवा. दर गाण्यानंतर थांबून सेव्ह करा. शेजारी मोबाइलचा रेकॉर्डर चालू ठेवा. संगणक रुसला तरी गाणे हाती राहील. आणि फाइलीला ‘नवीन 1’ असे नाव देऊ नका. कोणी गायले, कुठल्या गावचे, कोणत्या प्रसंगाचे, तारीख कोणती, हे गाणाऱ्यालाच विचारून लिहा. ते सांगणारी माणसे आज घरात आहेत.