प्रतिकाराचा अंमल आणि त्याची मर्यादा

करोनाच्या साथीपासून आपल्या बाजारपेठेत ‘इम्युनिटी’ नावाच्या मालाला अशी काही बरकत आली आहे की, काढ्यापासून बिस्किटापर्यंत वाटेल त्या पदार्थाच्या वेष्टनावर रोगप्रतिकारशक्ती वाढविण्याचे अभिवचन छापले जावे आणि सुशिक्षितांनीही ते निःशंकपणे विकत घ्यावे, यात कोणालाच नवल वाटेनासे झाले आहे. परंतु ही शक्ती जितकी अधिक तितकी हितकर, हे या व्यवहाराच्या मुळाशी असलेले गृहीतकच शरीरशास्त्राला मान्य नाही.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी सायटोकाइन नामक सूक्ष्म प्रथिनांच्या हुकमतीत वागतात. ऊतींमध्ये जंतूंचा शिरकाव होताच तेथील भक्षक पेशी इंटरल्यूकिन-८ हे सायटोकाइन स्रवतात आणि त्याच्या मागावर न्यूट्रोफिल पेशी रक्तवाहिनीची भिंत ओलांडून घटनास्थळी दाखल होतात. जी-सीएसएफ हे दुसरे सायटोकाइन अस्थिमज्जेकडून त्यांची नवी भरती करवून घेते. इंटरल्यूकिन-१ आणि ६ यांची वर्दी मेंदूपर्यंत गेली म्हणजे ताप चढतो. हे हुकूम पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहीवर रुजू होतात आणि तेथून केंद्रकापर्यंत पोहोचून कोणती जनुके कार्यरत व्हावीत याचा निर्णय करतात. ज्या पेशीपाशी तो ग्राही नाही, तिच्या लेखी तो हुकूम निघालेलाच नसतो. याच व्यवस्थेत इंटरल्यूकिन-१० सारखी मनाई करणारी सायटोकाइनेही आहेत, आणि त्यांच्याच कृपेने दाह यथाकाल ओसरतो.

ही मनाई निष्प्रभ झाली म्हणजे काय होते, ते मार्च २००६ मध्ये लंडनला दिसले. टीजीएन-१४१२ हे टी-पेशी नामक पांढऱ्या पेशींना चेतविणारे नवे औषध, प्राण्यांत निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकेच, सहा निरोगी स्वयंसेवकांना टोचण्यात आले. आणि काही तासांतच सायटोकाइनांचा असा उद्रेक झाला की, जंतूचा लवलेश नसताना त्यांचे अवयव निकामी होऊ लागले. सुदैवाने सहाही जण वाचले.

उलट, नियमनाचे औचित्यही काळवेळ पाहूनच ठरते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत, २०२० साली, दाहशामक डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरील करोनाग्रस्तांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटविले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. तोच स्टेरॉइड वर्ग दुसऱ्या लाटेत अविवेकाने वापरला गेला तेव्हा महाराष्ट्रातील अनेक मधुमेही रुग्णांना म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने गाठले. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहयोगाने सिद्ध झालेल्या, २०२३ मध्ये मान्यता पावलेल्या ‘नेक्सकार-१९’ या कर्करोगोपचारातही, बदललेल्या टी-पेशींमुळे सायटोकाइनांचा अतिरेक होत नाही ना, यावर डॉक्टरांना डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा लागतो.

तेव्हा वेष्टनावर प्रतिकारशक्ती वाढविण्याचे वचन छापू इच्छिणाऱ्या उत्पादकाने कोणत्या पेशीचे कोणते कार्य, किती मात्रेने आणि किती काळ वाढते, आणि ते थांबते कसे, याचा माणसांवरील चाचण्यांतून मिळालेला पुरावा सरकारदरबारी दाखल करावा, असा दंडक असणे अगत्याचे आहे. तो दाखल होईपर्यंत ग्राहकाने आपला पैसा डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रौढवयातील राहून गेलेल्या लसींवर खर्च करावा. कारण लस पांढऱ्या पेशींना नेमका शत्रू ओळखावयास शिकविते, आणि काम उरकल्यावर माघार घेण्याची त्यांची रीतही अबाधित ठेवते.