स्क्रिप्ट कुणी वाचलीच नाही, तर?

एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने मुळाशी जाऊन पाहिलं आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळ्यांना सावध केलं: फाइल्स कॉम्प्रेस करणाऱ्या एक्सझेड या ओपन सोर्स पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ व्हर्जनमध्ये चोरदरवाजा आहे!

तो उघडला जायचा पॅकेज बिल्ड होताना चालणाऱ्या शेल स्क्रिप्टमधून, म्हणजे कॉम्प्युटरला एकामागून एक कमांड देणाऱ्या फाइलमधून. त्यासाठीचा तुकडा गिटवर नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होता. अशा स्क्रिप्ट मुळातच इतक्या किचकट, की चार विचित्र ओळी वाढल्या तरी कुणाला खटकत नाहीत.

म्हणून स्क्रिप्ट साधी, वाचता येईल अशी लिहिणं ही नुसती टापटीप नाही. ती सुरक्षाच आहे.