घमेले आमच्या डोक्यावर, हजेरीपट कोणाच्या हाती?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्हांस काही घरगुती कामासाठी मुंबईस दहिसरपर्यंत जावे लागले. सकाळी सातच्या सुमारास नाक्यावर पाहतो तो शंभर-दीडशे माणसे उभी. कोणाच्या हाती थापी, कोणाच्या ओळंबा, कोणाच्या काहीच नाही, नुसती दोन हातांची पुंजी. बोलीवरून माणसे जालना, बीड, नांदेडकडची. त्यांतून एकजण पुढे येऊन पाया पडला. आमच्याच शाळेतला, चौथीपर्यंत आमच्या हाताखाली होता, पुढे बारावी झाला. आठ वर्षे तो सिमेंटच्या रस्त्यांवर राबतो आहे. काँक्रीट गाडीतून पडताच त्यात पाणी जास्त झाले की नाही हे तो नुसत्या नजरेने सांगतो. पण कागदावर तो अकुशल मजूर!

त्याने आम्हांस विचारले, "गुरुजी, आता म्हणे सरकार शिकाऊ माणसे घेते आणि महिन्याला पैसेही देते. पण त्या पैशांत मी इथे खोलीचे भाडे भरू की घरी पाठवू? आणि मुदत सरली की पुढे काय?"

ह्या दोन प्रश्नांवर आज आम्हांस लिहावयाचे आहे.

दहिसर हे १९५७ पर्यंत मुंबईच्या हद्दीबाहेरचे खेडे होते. भातखाचरे, मिठागरे, आगरी, कोळी, भंडारी यांची घरे. शहर वाढले, शेते गेली, आणि तेथे आता बांधकामाला खंड नाही. मेट्रो झाली, भाईंदरास जोडणाऱ्या सुमारे पाच किलोमीटरच्या उंच रस्त्याचे कंत्राट २०२३ साली दिले गेले. त्याच वर्षाच्या आरंभी महापालिकेने शहरातील सुमारे ४०० किलोमीटर रस्ते सिमेंटचे करण्यासाठी सुमारे ६,००० कोटींची कंत्राटे पाच कंपन्यांस दिली. महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. एवढा पैसा रस्त्यांत, गटारांत आणि पुलांत ओतला जात असता, खणणाऱ्याच्या मुलास ओव्हरसियर होण्याची वाट त्यातून निघू नये, हे कोणत्या हिशेबात बसते?

वाट अजिबात नाही असे आम्ही म्हणत नाही. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास महिना ६,०००, आय.टी.आय. व पदविकावाल्यास ८,०००, पदवीधरास १०,००० रुपये. मुदत प्रथम सहा महिने. पुढे मुलांनी आरडाओरडा केल्यावर आणखी पाच महिने वाढली. अकरा महिन्यांनी प्रमाणपत्र हाती व पोरगे घरी! आमच्या तालुक्यातील कित्येक पोरे अशी परतली. आणि खरे सांगावयाचे तर ही पोरे बहुतेक कचेरीत संगणकापुढे बसली होती. रस्त्यावर शिकावयास कोणी गेले नाही व कोणी पाठविलेही नाही. ह्यात दोष आमचाही आहे. चिखलात उभे राहून जी विद्या मिळते ती विद्याच नव्हे, असे आपल्या घरांतूनही मुलांच्या मनावर ठसविले जाते.

ही समजूत आजची नाही. १८५४ साली पुण्यात सरकारने बांधकामखात्याचे दुय्यम अधिकारी तयार करण्यासाठी एक वर्ग काढला. त्याचेच पुढे नामांकित इंजिनियरिंग कॉलेज झाले. रस्ते, कालवे, पूल यांवर देखरेख करणारी माणसे हवी होती म्हणून तो वर्ग निघाला. दगड फोडणारा वडार, चुना मळणारा बेलदार, घडाई करणारा पाथरवट यांच्या पिढ्यान् पिढ्या त्याच कामावर गेल्या. पण वर्गाच्या बाकावर बसण्याइतकी अक्षरओळख त्यांस कोणी करून दिली नव्हती. जोतीरावांनी हे दुरून पाहिले नाही. ते स्वतः कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणकामास त्यांनी माल पुरविला होता, आणि १८७६ पासून काही वर्षे ते पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. शिकलेला कारकून हजेरीपटावर काय लिहितो व अडाणी मजुराच्या पदरात काय पडते, हे त्यांस पुस्तकातून वाचावे लागले नाही.

आता कायदा पाहू, कारण कायदा आपल्या बाजूस आहे आणि आपणच तो वाचीत नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांप्रमाणे जेथे ३० किंवा अधिक माणसे कामास आहेत तेथे त्यांच्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे सक्तीचे झाले. २०१४ च्या दुरुस्तीने ह्या मोजणीत कंत्राटदारामार्फत लावलेली माणसेही धरावयाची आहेत. गवंडी हा त्या कायद्याखाली नेमलेला धंदा आहे. विद्यावेतन २०१९ साली शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० ठरले. मे २०२५ मध्ये केंद्रीय परिषदेने त्यात ३६ टक्के वाढ सुचविली. शिवाय केंद्र सरकार ह्या वेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, देण्याची योजना २०१६ पासून चालवीत आले. तेव्हा 'शिकविणे परवडत नाही' हे कोट्यवधींचे कंत्राट घेणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

मेख पुढेच आहे. शिकाऊ हा कायद्याने 'कामगार' नव्हे. खड्ड्यात पडून जखमी झाला तर भरपाईचा हक्क आहे, पण नोकरीचा नाही. २०१४ पासून एवढेच लिहिले आहे की, शिकून निघालेल्यास घेण्याविषयी प्रत्येक मालकाने आपले धोरण ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली उत्तर प्रदेशच्या एस.टी. महामंडळाच्या खटल्यात म्हटले की, इतर गोष्टी समान असता तेथेच शिकलेल्या उमेदवारास बाहेरच्याहून पसंती द्यावी. ही पसंती महापालिकेच्या किती जाहिरातींत दिसते?

आम्ही मास्तर लोकांनी ह्याच तऱ्हेचे दिवस काढले आहेत. आम्ही लागलो तेव्हा शिक्षणसेवक म्हणून महिना ३,००० रुपयांवर तीन वर्षे काढली. उपास काढले म्हटले तरी चालेल. पण तीन वर्षे नीट केली तर कायम होणार, हे आदेशात लिहिलेले होते, म्हणून दुकानदार उधार देत असे आणि बायको माहेरी निघून गेली नाही. तेच ३,००० पुढच्या आशेवाचून मिळाले असते तर आम्हीही नाक्यावर थापी घेऊन उभे असतो. जर्मनीत रस्ता बांधणे हा तीन वर्षे शिकण्याचा मान्य धंदा आहे. शिकाऊ मुलगा कामावर राबतो, शाळेत बसतो आणि पहिल्या महिन्यापासून पगार घेतो. २०२० पासून तेथे किमान विद्यावेतन कायद्यानेच बांधले आहे.

म्हणून आमचे मागणे असे. महापालिकेच्या रस्ते, पूल व गटारांच्या प्रत्येक कंत्राटात शिकाऊंचा आकडा लिहावा व तो न भरणाऱ्याचे बिल अडवावे. विद्यावेतन त्या शहरात खोलीभाडे देऊन पोट भरेल इतके असावे. आणि महापालिकेने मेस्त्री व देखरेखीच्या जागा स्वतःच्या आस्थापनेवर ठेवून त्यांतील ठराविक हिस्सा ह्या शिकून निघालेल्यांसाठी राखावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने कनिष्ठ व दुय्यम अभियंत्यांच्या ६९० जागांची जाहिरात दिली. ती पदविका-पदवीवाल्यांची, ठीक आहे. पण घमेले आणि पदविका यांच्यामध्ये एकही पायरी नसेल तर मजुराचा मुलगा उडी मारणार तरी कोठून?

त्या मुलास आम्ही इतकेच सांगितले की, बाळा, आधी बांधकाम कामगार मंडळात नाव घाल. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो कंत्राटदाराकडून घे. तो हसला. म्हणाला, "गुरुजी, आठ वर्षांत कंत्राटदार मी पाहिलेलाच नाही. मुकादम सही करीत नाही." तेवढ्यात टेंपो आला, आणि तो मागच्या फळीवर चढून निघून गेला.