घर्षणाचा हिशेब

भुजचे शासकीय रुग्णालय २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कोसळले आणि जखमींवर उपचार करावयाची जागाच नाहीशी झाली. त्या ठिकाणी उभारलेली नवी इमारत शिसे व रबर यांच्या आधारांवर बसविण्यात आली, हा निर्णय दूरदृष्टीचा होता यात शंका नाही. याच कुळातील दुसरी युक्ती सरकत्या आधारांची. टेफ्लॉनसारखे अस्तर लावलेला ठोकळा गुळगुळीत पोलादी तबकडीवर सरकतो. तबकडी वाटीसारखी अंतर्गोल असली तर इमारत लंबकाप्रमाणे मूळ जागी परतू पाहते. वाटीची त्रिज्या सव्वादोन मीटर असल्यास एका झोक्याला सुमारे तीन सेकंद लागतात, मग इमारत हलकी असो वा जड. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाची आंतरराष्ट्रीय प्रवाशांची इमारत अशा २६७ आधारांवर उभी आहे.

युक्ती देखणी असली तरी तिचे गणित सोपे नव्हे. पाठ्यपुस्तकात घर्षणाचे काम एका स्थिर अंकाने भागते. प्रत्यक्षात टेफ्लॉन व पोलाद यांच्यातील घर्षणांक अतिमंद गतीत अल्प असतो, वेग वाढताच तो कित्येक पटींनी चढतो आणि भार वाढला की उतरतो. अमेरिकेतील बफेलो येथे कॉन्स्टँटिनू, मोखा व राइनहॉर्न यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रयोगांनी दाखवून दिले. वेगानुसार पालटणाऱ्या घर्षणाचे सूत्रही मांडले. तरीही एकच अंक घालून काम उरकण्याचा मोह काही सुटत नाही.

हा मोह निरुपद्रवी म्हणता येणार नाही. अंक फाजील मोठा धरला तर कागदावर इमारत कमी सरकते, भोवतालची मोकळी जागा अपुरी ठेवली जाते आणि प्रत्यक्षात इमारत कठड्यावर आदळते. फाजील लहान धरला तर वर पोचणारा हिसका कमी भासतो, आणि शस्त्रक्रियागृहातील यंत्रे मात्र त्या हिशेबाला जुमानत नाहीत. याहून सूक्ष्म चूक दिशांची आहे. जमीन पूर्व-पश्चिम व दक्षिण-उत्तर एकाच वेळी हलते, पण घर्षणाचे बळ एकच असते आणि ते या दोहोंत वाटले जाते. दोन्ही दिशांचे गणित वेगवेगळे केल्यास तेच बळ दोनदा जमेस धरले जाते. एकच रुपया दोन खात्यांत दाखविण्यासारखाच हा प्रकार!

भारताला हा विषय परका नाही. रुरकी येथे आर्य प्रभृतींनी १९८० च्या दशकातच पायावर सरकू शकणाऱ्या विटांच्या घरांचा अभ्यास केला होता. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली अशा विलग पायाच्या इमारतींसाठी स्वतंत्र संहिताही प्रसिद्ध केली. परंतु संहिता असणे आणि निविदा तपासणाऱ्या अभियंत्याने योग्य प्रश्न विचारणे, यांत अंतर असते. घर्षणांकाची खालची व वरची अशा दोन्ही मर्यादा धरून गणित केले आहे काय, तो अंक निर्मात्याच्या माहितीपत्रकातून उचलला आहे की बसवावयाचे आधार भूकंपाच्या वेगाने सरकवून मोजला आहे, एवढे दोन प्रश्न रुग्णालयाच्या प्रत्येक निविदेत छापील असावेत आणि त्यांची उत्तरे कोरी असलेली निविदा उघडताच बाजूला ठेवली जावी.