तीस वर्षांचा कान आणि वर्गणीचा पैसा

एप्रिल जवळ आला की सापगावपासून मुरबाडपर्यंत वस्त्यावस्त्यांतून जयंती कमिट्यांच्या बैठका सुरू होतात. भाड्याचे मशीन किती वर्षे आणायचे, यंदा स्वतःचाच स्पीकर सेट घेऊ, असा विषय कुठे ना कुठे निघतोच. मग एखादे काका उठून म्हणतात, "आम्ही तीस वर्षे गायन पार्ट्या ऐकल्यात. आमच्या कानावर भरवसा ठेवा, हाच सेट घ्या." वडीलधाऱ्यांपुढे कोण बोलणार? पैसा मात्र वीटभट्टीवर आणि कंपनीत राबणाऱ्यांचा असतो.

वाचकहो, काकांचा मान आम्हीही ठेवतो. ज्यांनी वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप समोर बसून ऐकले, त्यांना शब्द कुठे गिळला, ढोलकी कुठे घसरली हे आपल्याआधी कळते. पण गाणे कळणे वेगळे आणि यंत्र कळणे वेगळे. आमच्या पिढीने गाणी ऐकली ती बहुतेक भोंग्यातून. भोंग्यात खालचा, भरदार आवाज जवळजवळ येतच नाही. कानाला तीच सवय लागली, की कर्कश तेच खणखणीत वाटते.

यावर अमेरिकेत रीतसर प्रयोग झाले आहेत. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० जणांना तेच स्पीकर एकदा डोळ्यांसमोर ठेवून व एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. स्पीकर दिसत असताना आकार, किंमत, नाव पाहून गुण बदलले. ऐकण्यात मुरलेलेही त्यातून सुटले नाहीत! पुढे २००३ साली ऑलिव्ह यांनी २६८ जणांचे निकाल मांडले. ज्यांना ऐकण्याचे खास शिक्षण दिले होते, त्यांचे गुण डळमळत नव्हते. तोच स्पीकर पुन्हा ऐकवला तर जवळपास तेच गुण. मात्र चांगला कोणता, वाईट कोणता, हा क्रम साध्या माणसांनीही बहुतेक तोच लावला. म्हणजे शिकलेला कान उपयोगाचा खरा, पण तो नुसत्या वर्षांनी तयार होत नाही.

उलट वर्षे कान खातात. वयाबरोबर बारीक, उंच स्वर आधी जातात. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही कामगारांसाठी मर्यादा मानतात. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. मिरवणुकीत स्पीकरला खेटून चालणाऱ्या आमच्या पोरांनी हे ध्यानात घ्यावे.

तेव्हा कमिटीने एवढे करावे. दोन सेट मागवून पुढे चादर टांगावी. दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा, कारण किंचित मोठा आवाज नेहमी गोड वाटतो आणि दुकानदारांना हे पक्के ठाऊक असते. एक गाणे लावावे, मग माईकवर कुणाला तरी वर्तमानपत्र वाचायला सांगावे. आपल्याकडे भाषणच जास्त असते. मागच्या रांगेत काकांबरोबर एखादी आजी आणि शाळेतली मुलगी बसवावी, ऐकलेले शब्द त्यांना सांगायला लावावेत आणि चिठ्ठ्या टाकाव्यात. दुकानदार सेट आणून दाखवायला तयार नसेल, तर कल्याणला दुकाने कमी नाहीत.