जनगणनेतला रकाना आणि शनिवारची पाळी



'ब्रिटन आता ख्रिश्चन देश राहिला नाही,' हे वाक्य ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आपण सगळ्यांनीच ऐकलं असेल. त्याला आधार २०२१ च्या जनगणनेचा. इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे २०११ साली ५९.३ टक्के होते, ते ४६.२ टक्क्यांवर आले. 'कोणताच धर्म नाही' म्हणणारे २५.२ वरून ३७.२ टक्के झाले. आकडे खरेच आहेत. पण आम्ही पडलो आयटीवाले. रकान्यात काय भरलंय आणि सिस्टिम प्रत्यक्ष काय करते, यातला फरक आम्ही रोज पाहतो.

गेली दोन वर्षं आम्ही नवरा-बायको महिन्यातल्या एका शनिवारी गावातल्या फूड बँकेत मदतीला जातो. ती चालते चर्चच्या हॉलमध्ये. डॉक्टरची किंवा सल्ला केंद्राची चिठ्ठी घेऊन लोक येतात आणि तीन दिवसांचा शिधा नेतात. ट्रसेल या संस्थेची पहिली फूड बँक २००० साली सॉल्सबरीत एका ख्रिस्ती दांपत्याने सुरू केली. २०२४-२५ या एका वर्षात तिच्या देशभरच्या जाळ्याने २८ लाखांहून जास्त वेळा असा शिधा दिला. इतक्या श्रीमंत देशात ही वेळ यावी, हे सरकारचं अपयश आहेच. पण तोवर डबे कोणीतरी लावायला हवेत.

आमच्या इथे ते लावणाऱ्या आजी पंच्याहत्तरीच्या आहेत. धर्माबद्दल त्या कधी बोलत नाहीत. भर बर्फात आलेल्या पाहून आम्ही कारण विचारलं, तर म्हणाल्या, "आज माझी पाळी आहे ना!"

आमच्या मते खरा प्रश्न इथे आहे. नावापुरते ख्रिश्चन कमी झाले म्हणून फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पाळी लावणारे थकले की. आमच्या यादीत अकरा जण आहेत, त्यातले आठ निवृत्त. या हिवाळ्यात दोघं आजारी पडली आणि एक शनिवार हॉल बंद ठेवावा लागला.

पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो याच देशात, वाँटेजला, १८८३ साली. त्यावर पुण्या-मुंबईत केवढं वादळ उठलं! पण बाईंचा धर्म दिसला तो पुढे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मुलींना केडगावला आणलं, आणि मग वर्षानुवर्षं त्यांचं जेवणखाण, शिक्षण, कामधंदा पाहिला. बाप्तिस्मा एका दिवसाचा, केडगाव आयुष्यभराचं. वारीला नेमाने जाणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

आता आपल्याबद्दल. आपल्यातल्या कितीतरी मंडळांचं हळदीकुंकू, गणपती, मुलांचे मराठी वर्ग चर्चच्याच भाड्याच्या हॉलमध्ये होतात. तो हॉल झाडणारी, किल्ली सांभाळणारी माणसं हीच. पुढच्या जनगणनेत आपली मुलं 'हिंदू', 'ख्रिश्चन' किंवा 'काहीच नाही' अशी खूण करतील. ती त्यांची मर्जी. पण शनिवारी सकाळी उठून कुठे जायचं, हे ती आपल्याकडे पाहूनच शिकणार.

म्हणून आमची सूचना साधी आहे. महिन्याचा एक शनिवार मंडळाने घ्यावा. सकाळी नऊ ते बारा, चार माणसं पुरतात. पहिली दोन नावं आमची लिहा.